वन्यजीव व्यवस्थापनात जाऊ पाहणाऱ्या मुलांना काय शिकवावं?

प्रश्न थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिका विचारतात: एम.एस्सी.च्या वर्गातली चार-पाच मुलं दरवर्षी 'वाइल्डलाइफमध्येच काम करायचंय' म्हणून येतात. अभ्यासक्रमात या विषयाला जागा थोडी, वनविभागाशी किंवा संस्थांशी माझी फारशी ओळख नाही. या मुलांना काय शिकवू, कुठं पाठवू आणि नोकरीबद्दल खरं काय सांगू?

उत्तर:

मॅडम, कोकणातली मुलं प्राणी ओळखण्यात कमी पडत नाहीत. खाडीतला ऊद, देवरहाटीतला धनेश, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, फुरसं हे सगळं ती लहानपणापासून बघत आलेली असतात. ती अडतात निर्णयापाशी. वनविभागात जा, संस्थेत जा नाहीतर पर्यावरण सल्लागाराकडे लागा, समोर येणारा प्रश्न एकाच जातीचा असतो. माहिती अर्धीच असते, वेळ थोडा असतो, आणि जो काही निर्णय होईल तो प्राण्याला जितका भोवतो तितकाच एखाद्या बागायतदाराला किंवा किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराला भोवतो. आपण मात्र परीक्षेत ऑलिव्ह रिडले कासवाचं वर्गीकरण लिहायला सांगतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की दोन वर्षांत मुलांना जमतील तितके खरे निर्णय घ्यायला लावा, ते कागदावर लिहायला लावा आणि ज्याला त्याचा फटका बसणार त्या माणसासमोर मांडायला लावा. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूला शिकवता येतं.

यासाठी आपल्याकडे कासवासारखा दुसरा विषय नाही. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम सुरू केलं. आज रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावचे कासवमित्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या मदतीनं घरटी राखतात. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, येते, दीडेक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पहाटे कासवमित्र माग काढतो, अंडी बादलीत घेतो आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तसाच खड्डा करून पुरतो. पर्यटकाला एवढंच दिसतं. विद्यार्थ्यासाठी खरा धडा इथून पुढं सुरू होतो.

हे घरटं हलवायचं की जागेवर ठेवायचं? उधाणाच्या भरतीची रेष कुठपर्यंत येते? मागं दगडी बंधारा झाल्यामुळं वाळू खचत चालली आहे का? कुत्री आणि कोल्हे किती फिरतात? अंडी घालून किती तास झाले? कारण उशीर झाला की आतला गर्भ कवचाला धरलेला असतो, आणि अंडं जरा उलटंपालटं झालं तरी तो मरतो. शिवाय वाळूचं तापमान आहेच. पिल्लू नर होणार की मादी हे अंडी उबण्याच्या मधल्या काळातल्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. म्हणजे एका किनाऱ्याची सगळी घरटी एका कुंपणात आणली, की त्या हंगामातल्या पिल्लांचं नर-मादी प्रमाण त्या कुंपणातली वाळू ठरवते. मार्चअखेरीला सावलीचं कापड लावायचं की नाही, हॅचरीची जागा दर वर्षी बदलायची की नाही, हे सगळे व्यवस्थापनाचे निर्णय आहेत. ज्या काळात अंडी सर्रास चोरली जायची त्या काळात हॅचरीला पर्याय नव्हता. जिथं चोरी थांबली आहे तिथं जागेवरच राखण करता येईल का, हा प्रश्न आता पुन्हा विचारायला हवा.

मी मुलांना एका घरट्याची खरी माहिती देतो आणि पंधरा मिनिटांत निर्णय आणि चार ओळींत कारण लिहायला सांगतो. मग तेच त्यांनी कासवमित्राला सांगायचं. वर्गात 'जागेवरच ठेवावं' असं ठामपणे लिहिणाऱ्या मुलाला पुळणीवर पहिलाच प्रश्न येतो, 'मग रात्री कुत्री हाकलायला कोण येणार?' या प्रश्नाला त्यानं दिलेल्या उत्तरावरून तो या कामात टिकेल की नाही याचा मला बराचसा अंदाज येतो. 'मी येतो' म्हणणारा चांगलाच. पण 'घरट्यावर जाळीचा पिंजरा ठेवला तर चालेल का, त्याचा खर्च कोण देईल' असं विचारणारा त्याहून पुढं जातो.

या घरट्यांवरच मुलांना नोंदीची किंमत कळते. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी होती. ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर येऊन अंडी घालते, हे त्या एका आकड्यावरून समजलं. रात्री, अंधारात, थकलेल्या माणसानं तो आकडा नीट वाचला आणि लिहून ठेवला, म्हणून समजलं. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या माद्यांना लावलेल्या सॅटेलाइट ट्रान्समीटरचे नकाशे मुलांना जरूर दाखवा, ती खूश होतात. पण पट्टीचा किस्सा आधी सांगा.

आता वेळापत्रकाची अडचण. पहिलं सत्र पावसात जातं आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या ऐन दिवसांत परीक्षा येतात. मात्र नव्या धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, आणि ते सत्र कासवाच्या हंगामातच पडतं. ही संधी फुकट घालवू नका. बऱ्याच ठिकाणी मुलं ओजेटी म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसून प्रमाणपत्र आणतात. त्याऐवजी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात, कांदळवन कक्षाकडे किंवा गावच्या कासवमित्राबरोबर ती जोडून द्या. पावसाळ्यासाठी वेगळं काम निवडा. कॉलेजजवळचा कातळसडा पुरेसा आहे. जूनमध्ये तिथली डबकी भरतात, बेडूक बोलू लागतात, आणि ऑक्टोबरपर्यंत सडा पुन्हा कोरडा होतो. एका सत्रात सुरुवात आणि शेवट दोन्ही बघायला मिळणारा असा अभ्यास दुसरीकडे शोधावा लागतो.

प्रकल्प निवडताना मुलांना वाघ हवा असतो. त्यांना किहीमची गोष्ट सांगा. १९३० मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अली जर्मनीहून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी पैशांअभावी गेली होती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांकडे पावसाळाभर बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी पसंत करते, मग नर ते पुरं करून लगेच दुसरं विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो, हे त्यांनी नोंदींनिशी मांडलं. त्यांच्या मोठ्या कामांत तो अभ्यास गणला जातो. जवळचा विषय, एक हंगाम आणि रोजची हजेरी, एवढ्यावर एम.एस्सी.चा उत्तम प्रबंध होतो. शिवाय जवळ असला की एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं, आणि मुलींच्या घरचेही सहज तयार होतात. हा मुद्दा किरकोळ समजू नका. माझ्याकडच्या सर्वांत नेटानं काम करणाऱ्या मुलींना घरच्यांची परवानगी हीच पहिली चाळणी असायची. मी घरी जाऊन आईवडिलांना भेटतो, बरोबर कोण असेल, किती वाजता परत येईल ते सांगतो. तुम्हीही जा.

दुसरा मोठा विषय माकड, रानडुक्कर, गवे आणि बिबटे. यावर इथं रोज भांडण असतं, म्हणून शिकायलाही इथंच मिळतं. मी मुलांना एक काम देतो आणि ते कुठल्याही क्रमिक पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं असा माझा अनुभव आहे. नुकसानभरपाईचा एकच अर्ज निवडायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या मागं जायचं. माकडांनी नारळ पाडले किंवा गव्यांनी भातशेती तुडवली, इथपासून. शेतकऱ्यानं खबर कुणाला दिली, पंचनाम्याला वनपाल, तलाठी, कृषी सहायक एकत्र कधी आले, सातबारावर नाव कुणाचं, हिस्सेदार मुंबईला असला तर सही कुणाची, मंजूर किती झालं, हातात कधी पडलं. अर्ज नाकारला गेला तर कुठल्या कारणानं. प्राणिशास्त्राच्या मुलाला सातबारा वाचता येत नाही आणि कोकणातल्या सामायिक जमिनींत तर मोठी माणसंही चक्रावतात. पण ज्याला हे समजलं त्याला शेतकरी वनविभागावर का चिडतो ते समजतं, आणि बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेला वनभाग सांभाळणारा, वनरक्षक का वैतागतो तेही. त्याबरोबर एक दिवस कलमांच्या बागेत राखणदाराबरोबर बसायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माकडांची टोळी किती वेळा आली, कुठून आली, किती फळं नासली, राखणीची मजुरी किती, हे लिहायचं. मग 'माकडं पकडून लांब सोडा' किंवा 'नसबंदी करा' या मागण्यांवर मुलं बोलू लागली की त्या बोलण्याला वजन येतं.

पकडून लांब सोडण्याबद्दल जुन्नरचा धडा शिकवाच. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथं बरेच बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. माणसांवरचे हल्ले त्यानं कमी झाले नाहीत, वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडेवारीनं दाखवलं. आपल्याकडं बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, नाहीतर डुकरासाठी लावलेल्या फासकीत अडकतो. बातमीत सुटकेचा व्हिडिओ येतो, आणि मुलांना सुटका करणाऱ्या पथकात जायचं असतं. त्यांना विचारा की या तालुक्यात कठडा नसलेल्या विहिरी किती, कुठं, आणि त्यांतल्या कुठल्या गावाबाहेर, झाडीला लागून आहेत? याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर दोन मुलं एका सत्रात करू शकतात. असा नकाशा वनक्षेत्रपालाच्या टेबलावर ठेवला, की पुढच्या वेळी परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. फासक्यांचं मात्र जपून. त्यात गावातलीच माणसं असतात, मुलांना एकटं त्या शोधाला पाठवू नका. वनविभागाची गस्त असेल तेव्हाच जावं.

दोडामार्गचे हत्ती हा वेगळाच अध्याय आहे. २००२ पासून ते कर्नाटकातून सिंधुदुर्गात येत आहेत. शक्य झालं तर मुलांना एकदा तिलारी खोऱ्यात नेऊन केळीच्या बागायतदारांशी बोलू द्या. अभ्यासाचा विषय म्हणून मात्र एम.एस्सी.च्या मुलांना तो देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिवाला धोका आहे आणि एका वर्षात हाती काही लागत नाही.

समुद्राकडं पाठ फिरवून चालणार नाही. २०१८ च्या अखेरीस राज्यानं एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात. मला ही योजना मनापासून आवडते, कारण तिच्यात मच्छीमार गुन्हेगार ठरत नाही, साक्षीदार ठरतो. शिवाय त्या फोटोंमधून कुठला प्राणी कुठं आणि कधी सापडतो याची नोंद जमते. मुलांना बंदरावर पाठवा, नाखव्याशी बोलू द्या. योजना माहीत आहे का, अर्ज केला का, पैसे मिळाले का, मिळाले नसतील तर का, हे विचारून त्यांनी चार पानं लिहून आणावीत. वन्यजीव व्यवस्थापन हा विषय विद्यापीठात पहिल्यांदा आला तेव्हाही तो शेतापासून तुटलेला नव्हता. ऑल्डो लिओपोल्ड यांच्यासाठी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकार-प्राणी व्यवस्थापनाचं प्राध्यापकपद निर्माण झालं, त्याच्या आधीच, १९३१ पासून, ते तिथल्या शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यांच्याच जमिनींवर प्रयोग करत होते.

नोंदवहीबद्दल मी कडक आहे. नोंद त्याच दिवशी, पेननं, तारीख, वेळ, जागा, हवामान आणि किती वेळ शोधलं यासकट. काही दिसलं नाही तर 'दिसलं नाही' हेही लिहायचं. मुलं नेमकं तेच लिहीत नाहीत, आणि मग प्राणी कमी झाला की आपण कमी वेळ शोधला हे कधीच सांगता येत नाही. आकडेवारीसाठीचं आर सॉफ्टवेअर, कॅमेरा ट्रॅप, ठरलेल्या रेषेवरून चालत मोजणी म्हणजे ट्रान्सेक्ट हे सगळं शिकवा, त्यासाठी ऑनलाइन भरपूर साहित्य मिळतं, त्यावर मी इथं वेळ घालवत नाही. अहवाल मात्र दोन लिहून घ्या. एक कॉलेजसाठी इंग्रजीत, दुसरा ग्रामपंचायतीसाठी मराठीत, दोन पानांचा, सरपंचाला आणि बचतगटाच्या ताईंना कळेल असा. दुसरा लिहिताना मुलांना घाम फुटतो. तो लिहून झाला की ग्रामसभेत वाचायलाही लावा.

सर्पमित्र होऊन आलेली मुलं तुमच्याकडे नक्की असतील. त्यांचा उत्साह खरा असतो, धाडसही. पण साप हातात धरून रील टाकणं थांबवायलाच हवं. ते बेकायदा आहे, आणि अशा खेळात जीव गेले आहेत. नुसतं रागावून उपयोग नाही. त्यांना प्रत्येक खबरीची नोंद ठेवायला सांगा: जात, घर, वेळ, साप घरात का आला असावा, कुठं आणि किती अंतरावर सोडला. वर्षभरात त्याच मुलाच्या हातात आपल्या गावचा चांगला अभ्यास असतो आणि त्याची मान आपोआप वर होते. सड्यावर जाताना सगळ्यांना बूट, काठी, बॅटरी सक्तीची, आणि जवळच्या कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे हे निघण्यापूर्वी फोन करून विचारलेलं असावं. फुरसं लहान असतं आणि पटकन दिसत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर परवानगी लागते, आणि संरक्षित प्राण्याला हात लावायचा, पकडायचा, नमुना घ्यायचा तर वेगळी, वरच्या पातळीवरची. पदव्युत्तर प्रकल्पात हात न लावता होणारंच काम घ्या. फणसाडला किंवा कर्नाळ्याला जायचं असेल तर दोन-तीन महिने आधी पत्र द्या.

आता नोकरी. मुलांना पहिल्याच महिन्यात सगळं खरं सांगून टाकावं. कायमच्या जागा वनविभागात आहेत आणि त्या स्पर्धा परीक्षेनं मिळतात. यूपीएससीची भारतीय वनसेवा, एमपीएससीची वनसेवा म्हणजे सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल, आणि वनरक्षकाची भरती. वनसेवेसाठी अभ्यासाबरोबर पायही लागतात, भारतीय वनसेवेत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. वनरक्षक बारावीवर होता येतं, म्हणून एम.एस्सी. झालेल्या मुलाला ते कमीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. बीटवर प्रत्यक्ष व्यवस्थापन करतो तो वनरक्षकच, आणि शिकलेला वनरक्षक मिळाला की आख्ख्या परिक्षेत्राच्या नोंदी सुधारतात हे मी पाहिलं आहे. पुढं शिकायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्र संशोधन संस्था इथले एम.एस्सी. अभ्यासक्रम उत्तम आहेत, पण जागा अगदी मोजक्या. बारावीतल्या मुलांनी विचारलं तर दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयाचं नाव आधी सांगा.

संस्था आणि प्रकल्पांतल्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की संपतात. पर्यावरण सल्लागारांकडे पैसा बरा असतो, पण तिथं नको असलेली नोंद गाळण्याचा दबाव येऊ शकतो. त्या प्रसंगाबद्दल वर्गात आधीच बोलून ठेवा, म्हणजे मूल एकटं पडत नाही. जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या हे कोकणात हाताशी असलेलं काम आहे, मानधन थोडं, शिकायला भरपूर. घरची परिस्थिती नाजूक असेल तर मी मुलांना बी.एड. किंवा दुसरा आधार सोडू नका असंच सांगतो. कर्ज काढून फुकट इंटर्नशिप करणं मला मान्य नाही. फिल्डवर्कच्या नावाखाली मुलांकडून मोफत मोजणी करून घेणाऱ्या ठिकाणी त्यांना पाठवू नका. प्रवास आणि जेवणाचा खर्च निघत असेल तरच पाठवा, आणि माहिती छापली जाणार असेल तर त्यांचं नाव येईल हे लेखी घ्या. तुमच्या स्वतःच्या लेखातही हाच नियम पाळा.

पदवी हातात पडल्यानंतरची दोन वर्षं सर्वांत अवघड असतात. परीक्षेचा निकाल लांबतो, नातेवाईक विचारू लागतात, मूल गप्प होतं. तेव्हा महिन्याकाठी एक फोन करा. शिफारसपत्र मागितलं की दोन दिवसांत द्या, आणि त्यात 'हुशार आणि कष्टाळू' एवढंच न लिहिता त्यानं घेतलेला एखादा निर्णय लिहा. निवड समितीत बसल्यावर मी तेवढीच ओळ शोधतो.

ओळखी नाहीत म्हणालात, त्याचं सोपं आहे. गणपती झाले की परिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन वनक्षेत्रपालांना भेटा आणि 'तुम्हाला कुठली माहिती हवी आहे जी गोळा करायला माणसं नाहीत' असं विचारा. आपल्या प्रकल्पासाठी मदत मागायला जाणारे प्राध्यापक त्यांना पुष्कळ भेटतात, असं विचारणारे क्वचित. पहिल्या वर्षी दोनच मुलं घ्या, एक पुळणीवर आणि एक बागेत. दिवाळीनंतर कासवं यायला लागतील, त्याआधी कासवमित्राशी बोलून ठेवा, आणि जाताना मुलांना बरोबर न्या म्हणजे ओळख त्यांची होईल.